आधी बैठक, मग स्प्रिंग



मी कोईमतूरहून बोलतोय. मूळचा इचलकरंजीचा, पण गेली बावीस वर्षं नोकरीमुळे तमिळनाडूत आहे. तिकडे मागांचा खडखडाट होता, इकडे पंप आणि मोटारींचे कारखाने आहेत. म्हणजे यंत्रांचा आवाज काही सुटला नाही. आठवडाभर कारखाना आणि रविवारी घरामागची शेड. त्या शेडमध्ये पाच वर्षांत मी एक दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार बांधली.

गाडी कशी बांधली ते आज सांगणार नाही. पाईप कापणं, वेल्डिंग करणं, इंजिन बसवणं, याचे व्हिडिओ ढिगानं सापडतात. ते सगळे व्हिडिओ साधारण एकाच जागी संपतात. इंजिन सुरू होतं, मंडळी टाळ्या वाजवतात, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या कामाबद्दल. गाडी चालायला लागली म्हणजे ती वळायला, थांबायला लागली असं होत नाही. त्यासाठी दोन गोष्टी जुळवाव्या लागतात: चालकाची बैठक आणि सस्पेन्शन. बहुतेक जण सस्पेन्शनपासून सुरुवात करतात आणि सीट शेवटी, जागा उरेल तिथं बसवतात. माझं म्हणणं असं की क्रम उलटा हवा. का, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही जी गाडी आहे, लांब नाक, चाकं बाहेर, दारं नाहीत, तिचा मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडमधली लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ मध्ये आणली. सुटे भाग विकत घेऊन घरी जोडली तर तिथं त्या काळी खरेदी कर वाचायचा, म्हणून कितीतरी लोकांनी ती स्वतःच्या गॅरेजमध्ये जोडली. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि त्या गाड्या आजही बनतात. मग १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकांचं एक पुस्तक आलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं त्याचं नावच होतं. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग काढा, चौकोनी पाईपची चेसी वेल्ड करा आणि गाडी उभी करा. त्या पुस्तकावरून जगभर हजारो लोकांनी पाईप कापायला घेतले. मीही त्यातलाच.

आपल्याकडे एस्कॉर्ट कुठून आणणार? मी अपघातात चेपलेली मारुती ईको घेतली. तिचं इंजिन उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं, म्हणून ती सोयीची. आणि कोईमतूरला याची परंपराही आहे. याच गावच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती नावाच्या एकसीटी रेसगाड्या बांधल्या होत्या. आज इथला ट्रॅक त्यांच्याच नावानं आहे, करी मोटर स्पीडवे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. माझी गाडी रस्त्यावर येत नाही. इंग्लंडमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून तिला नंबर देण्याची सोय आहे. आपल्याकडे नव्या गाडीला रस्त्यावर यायचं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून प्रोटोटाइपची चाचणी व्हावी लागते. तो खर्च एका माणसाच्या एका गाडीला झेपणारा नाही. त्यामुळे माझी गाडी ट्रेलरवर चढते, बंद आवारात किंवा ट्रॅकवर उतरते आणि परत ट्रेलरवरच घरी येते. तुम्हीही असंच करा.

आता मुद्द्यावर येऊ. माझ्या गाडीचं रिकामं वजन ५६० किलो आहे. माझं ८४. म्हणजे मी बसलो की एकूण वजनातला तेरा टक्के भाग मी असतो. अकराशे किलोच्या घरगुती गाडीत हाच आकडा सात टक्के होतो. इंजिन-गिअरबॉक्स सोडले तर माझ्या गाडीत माझ्याएवढा जड भाग दुसरा नाही. आणि हा भाग मध्यावर बसत नाही, उजवीकडे आणि मागच्या आसाजवळ बसतो. मग तो नेमका कुठं बसणार हे ठरल्याशिवाय स्प्रिंग कशाच्या जोरावर निवडायची?

दुसरं कारण याहून महत्त्वाचं. आमच्यासारख्यांकडे महागडे सेन्सर नसतात. गाडी काय करतेय हे कळायला आमच्याकडे एकच साधन असतं, ते म्हणजे चालकाची पाठ, मांड्या आणि हात. किराणा दुकानात वजन करण्याआधी काटा शून्यावर आणतात ना? तसं हे साधन आधी शून्यावर यायला हवं. जो माणूस सीटमध्ये घसरतोय, तो स्टेअरिंगला लटकून स्वतःला सावरतो. त्याच्या हाताला चाकांचा निरोप मिळत नाही, स्वतःच्या वजनाचाच मिळतो. त्याच्या सांगण्यावरून तुम्ही स्प्रिंग बदलत बसलात तर वर्ष जाईल.

म्हणून सीट. मी चेसीचा मधला भाग वेल्ड करायच्या आधी जमिनीवर प्लायवूड आणि फळ्यांचा सांगाडा केला. सुतारकाम अगदी ओबडधोबड, पण माप खरं. या कामाला एक क्रम आहे. सुरुवात टाचेपासून करायची. टाच जमिनीवर टेकते तो बिंदू आधी पक्का करा. मग ब्रेक पेडल. पेडल पूर्ण दाबल्यावरसुद्धा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ झाला तर जोर फक्त पंज्यातून येतो, आणि अपघातात तो ताठ पाय कमरेपर्यंत धक्का पोचवतो. क्लचलाही हेच. ॲक्सिलरेटरची उंची अशी ठेवा की ब्रेक जोरात दाबलेला असताना दोन्ही पेडल जवळपास एका पातळीत येतील. मग ब्रेक दाबता दाबता पायाच्या कडेनं ॲक्सिलरेटर देऊन गिअर खाली टाकता येतो.

टाचेनंतर कंबर, कंबरेनंतर पाठ. पाठ किती कलती ठेवायची याचा एकच आकडा सांगता येत नाही; नाक लांब आणि गाडी बुटकी असली की थोडं रेलून बसावंच लागतं. पण पाहायचं ते हे, की कंबरेचा खालचा भाग सीटला पूर्ण टेकलाय का. तिथं पोकळी राहिली तर अर्ध्या तासात पाठ बोलायला लागते. मग स्टेअरिंग. दोन्ही खांदे सीटला टेकवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. तळहात पडत असेल तर स्टेअरिंग लांब आहे, कोपराकडचा भाग पडत असेल तर जवळ आहे. ही खूण साधी आहे आणि तुमच्या रोजच्या गाडीलाही लागू आहे. आज घरी जाताना करून बघा.

शेवटी डोकं आणि पट्टे. हेल्मेट घालून बसायचं, आणि मागच्या रोल हूपच्या माथ्यापासून पुढच्या हूपच्या माथ्यापर्यंत दोरी ताणायची. हेल्मेट त्या दोरीच्या खाली किमान ५० मिलिमीटर असलं पाहिजे. कमरेचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाखालच्या हाडावर हवा. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडवे जावेत, किंवा फार तर वीस अंश खाली. बऱ्याच घरगुती गाड्यांत हे पट्टे खाली चेसीच्या तळाला बांधलेले दिसतात. धडक बसली की असा पट्टा माणसाला मागे धरत नाही, खाली दाबतो, आणि तो दाब मणक्यावर जातो. यात तडजोड नाही. आडवा पाईप योग्य उंचीवर नसेल तर तो वेल्ड करून घ्या, मग पुढचं बोला.

इथं माझ्या भाचीची गोष्ट सांगायला हवी, कारण बैठकीचं महत्त्व मला पुस्तकातून जेवढं कळलं त्याहून जास्त तिच्यामुळे कळलं. ती इंजिनिअरिंगला आहे, घरापासून लांब दुसऱ्या राज्यात. तिच्या कॉलेजची विद्यार्थी रेसगाडीची टीम आहे. अशा टीमच्या स्पर्धेसाठी, म्हणजे फॉर्म्युला भारतसाठी, मुलं इथं करी स्पीडवेला येतात. तीही आली होती आणि सुट्टी जोडून माझ्याकडे राहिली. पहिल्या रात्री जेवताना म्हणाली, "मामा, मी ड्रायव्हिंग सोडतेय. मी डिझाइनचंच काम बघते."

का, विचारलं. तर टीमनं तिला सांगितलं होतं की तू संथ आहेस, ब्रेक लवकर मारतेस, आणि गाडीबद्दल तू जे सांगतेस ते दर वेळी वेगळं असतं. एकानं तर मुलींना जोर कमी पडतोच असंही सुनावलं होतं. ती रडत वगैरे नव्हती. तिनं ते मान्य करून टाकलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

मी तिला एवढंच विचारलं, "त्या गाडीत तुझी पाठ सीटला टेकते का?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मागे उशी घालते. पण ब्रेक मारला की सरकते."

या स्पर्धांत मोठ्या मापाच्या पुरुषाचा एक साचा गाडीत बसलाच पाहिजे, अशी नियमाची अट असते. अट योग्यच आहे, कारण उंच मुलाचं डोकं रोल हूपच्या वर जाऊ नये. पण अट पुरी झाली की पुष्कळ टीमा तिथंच थांबतात. तिच्या टीमची सीट जवळपास सहा फूट उंचीच्या मुलाची होती. ही पाच फूट एक इंच, वजन ५२ किलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या गाडीवर एक साधा प्रयोग केला. या गाडीला ब्रेकचा बूस्टर नाही, पायाचा जेवढा जोर तेवढाच ब्रेक. ब्रेकच्या नळीला प्रेशर गेज लावला. गाडी उभी, इंजिन बंद. आधी माझ्या मापाच्या सीटवर तिला बसवलं आणि पूर्ण ताकदीनं पेडल दाबायला सांगितलं. काटा २६ बारच्या आसपास थांबला, आणि तेवढ्यात ती सीटमध्ये वर सरकली होती. मग सीट रेलवर पुढे घेतली, पाठीमागे कडक फोमचा गुटका दिला, टाचेखाली लाकडी पट्टी ठेवली. गुडघा वाकलेला, कंबर टेकलेली. पुन्हा दाबायला सांगितलं. ४४ बार. बाई तीच, पाय तोच, पेडलही तेच. जोर कमी नव्हता. जोर द्यायला पाठीमागे भिंत नव्हती.

ती गेजकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत दाबू का?" आणि पाच वेळा दाबलं.

मग तिची सीट नीट घडवली. पॉलियुरेथेन फोमची दोन द्रावणं मिळतात, ती एकत्र केली की फुगतात आणि घट्ट होतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत ती ओतायची, पिशवी सीटमध्ये ठेवायची आणि वर माणूस बसवायचा. माणसाच्या आकाराचा साचा तयार होतो. दोन सूचना: एक, फोम चांगलाच तापतो, म्हणून थोडा थोडा करा, एका वेळी थर पातळ ठेवा आणि अंगात जाड कपडे असू द्या. दोन, त्याच्या वाफा नाकात जाऊ देऊ नका, काम उघड्यावर करा. तिचा साचा आता वेगळा काढता-घालता येतो. मी चालवताना तो बाहेर, ती चालवताना आत.

बैठक झाली, आता सस्पेन्शन. पुढची सगळी मापं चालकाचं वजन गाडीत ठेवून घ्यायची. तासनतास माणूस बसवून ठेवता येत नाही, म्हणून मी तांदळाच्या पिशव्या वापरतो. २५ किलोच्या तीन पिशव्या आणि वर भर घालायला डाळ. सगळं वजन सीटवर ढीग करून ठेवू नका. माणसाचे पाय पुढे असतात, म्हणून थोडं पेडलजवळही ठेवा.

स्प्रिंग निवडताना लोक विचारतात, कडक घेऊ की मऊ? हा प्रश्न हिशोबाचा आहे. पुढच्या एका चाकावर, चाक आणि हब यांचं वजन वजा करून, माझ्या गाडीत साधारण १२५ किलो येतात. हे वजन स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वरखाली व्हावं हे आधी ठरवायचं. घरगुती गाडीत ते एक ते दीड वेळा असतं. हलक्या स्पोर्ट्स कारला मी १.८ धरलं. त्यावरून चाकाच्या जागी दर मिलिमीटरला १६ न्यूटन ताठपणा हवा असं येतं.

पण स्प्रिंग चाकावर बसलेली नसते. ती विशबोनवर आतल्या बाजूला, तिरकी बसते. माझ्या गाडीत चाक १० मिलिमीटर वर गेलं की स्प्रिंग ६.५ मिलिमीटर दबते, म्हणजे प्रमाण ०.६५. इथं या प्रमाणाचा वर्ग करायचा असतो. कारण तरफेमुळे दोन गोष्टी घडतात: स्प्रिंग कमी दबते, आणि तिचा जो काही जोर आहे तोही चाकापर्यंत कमी होऊन पोचतो. दोनदा घट, म्हणून वर्ग. ०.६५ चा वर्ग ०.४२ आणि थोडं वर. १६ ला त्यानं भागलं की ३८. म्हणजे बाजारातून मिलिमीटरला ३८ न्यूटनच्या आसपासची स्प्रिंग घ्यायची. वर्ग केला नाही तर तुम्ही २५ ची घेऊन याल, आणि पहिल्याच खड्ड्यात चेसी जमिनीला टेकेल.

स्प्रिंग चढवण्याआधी एक काम उरकून घ्यायचं. स्प्रिंग काढलेली असतानाच चाक हातानं ५० मिलिमीटर वर आणि ५० खाली न्यायचं, आणि ते जाता जाता आत-बाहेर वळतंय का हे मोजायचं. याला बम्प स्टेअर म्हणतात. उंचवटा आला की स्टेअरिंग न फिरवता गाडी आपली आपण वळते, ते यामुळे. इलाज स्टेअरिंग रॅकच्या उंचीत असतो. टाय रॉडचा आतला सांधा वरच्या-खालच्या विशबोनच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा, आणि रॉडची दिशाही विशबोनशी जुळायला हवी. आमच्या टर्नर अण्णांनी रॅकखाली घालायला एक, दोन आणि तीन मिलिमीटरच्या पट्ट्या कातून दिल्या. एकेक घालून मोजत गेलो. दोन रविवार गेले. हे काम कुणाला दिसत नाही, पण हातातलं स्टेअरिंग शांत झालं ते यामुळे.

मग गाडी चार काट्यांवर. मी आमच्या गल्लीतल्या नारळाच्या वखारीतून चार प्लॅटफॉर्म काटे आणतो, रविवारी ते रिकामेच असतात. चारही काटे एका पातळीत हवेत. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरते. टायरमध्ये हवा आधी भरून घ्या. एवढ्या हलक्या गाडीला २० पीएसआयपासून सुरुवात करा. घरगुती गाडीचा तीसचा आकडा इथं चालत नाही.

रिकाम्या गाडीत डावी बाजू २७६ किलो आणि उजवी २८४. मी बसलो की डावी २९९ आणि उजवी ३४५. आता नीट ऐका, कारण इथं खूप जण फसतात. स्प्रिंगखालची चकती फिरवून तुम्ही डाव्या-उजव्या बाजूची बेरीज बदलू शकत नाही. पुढच्या-मागच्याचीही नाही. चकती फिरवली की फक्त तिरक्या जोड्यांत वजन हलतं. खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठा सरकवला की तो पाय आणि त्याच्या समोरचा तिरका पाय जड होतात, बाकीचे दोन हलके. तेच इथं. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून एकूण वजनाच्या निम्मं असलं, की गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखी वळते. मी बसलेला असताना ते ३१९ किलो होतं, ६४४ पैकी, म्हणजे साडेएकोणपन्नास टक्के. मला पुरतं.

बाजूंची बेरीज बदलायची तर वस्तूच हलवावी लागते. म्हणून बॅटरी डाव्या बाजूला मागे आहे. आणि सर्वांत मोठी हलणारी वस्तू कोण? चालक. भाची बसली की एकूण ६१२ किलो, आणि ती पुढे बसत असल्यानं मागच्या चाकांवरचा वाटाही कमी होतो. म्हणून वहीत दोन पानं आहेत, एक माझं, एक तिचं. तिच्या पानावर मागच्या स्प्रिंगच्या चकतीचे फेरे वेगळे आहेत.

चाकांच्या कोनांसाठी मला ओळंबा आणि मासेमारीची दोरी पुरली. कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल. ओळंबा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. तेरा इंची रिमला ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक अंश. पुढच्या चाकांचा माथा दीड अंश आत झुकवून सुरुवात करा. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणा आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून मोजा. मोजताना चाकाखाली दोन फरशा आणि मध्ये ग्रीस ठेवा, नाहीतर टायर जमिनीला चिकटून खोटं माप देतो.

हे सगळं झालं की मगच मैदान. एका कारखान्याच्या मोकळ्या आवारात, परवानगी घेऊन, आम्ही पंधरा मीटर त्रिज्येचं वर्तुळ शंकू ठेवून आखलं. त्याच वर्तुळावर फिरत वेग हळूहळू वाढवायचा. नाक बाहेर जाऊ लागलं तर पुढची पकड कमी पडतेय. शेपूट बाहेर जाऊ लागली तर मागची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: हवा, किंवा शॉकअपच्या दोन क्लिक, किंवा अँटीरोल बार. आणि बदलून बरं वाटलं तर पुन्हा जुन्यावर जाऊन बघायचं, खरंच फरक होता का. हे परत जाणं कुणाला आवडत नाही, पण त्याशिवाय आपण स्वतःलाच फसवतो.

त्या दिवशी मी भाचीला काय बदललं ते सांगत नव्हतो. ती फेऱ्या मारून यायची, मी काहीतरी करायचो, ती पुन्हा जायची. मागची हवा दोन पीएसआयनं वाढवली, तिनं बरोबर सांगितलं, "मागून लवकर सुटतेय." पुढचे शॉकअप कडक केले, तेही ओळखलं. चौथ्या वेळी मी वाकलो, पान्हा दोनदा वाजवला आणि काहीही न बदलता उठलो. ती आठ फेऱ्या मारून आली, हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "मामा, तुम्ही काही केलंच नाहीत."

तिच्या टीमनं सांगितलं होतं ना, की तिचं बोलणं दर वेळी वेगळं असतं? वेगळं असणारच. जी मुलगी दर ब्रेकला वेगळ्या जागी सरकते, तिला गाडी दर वेळी वेगळीच लागणार. दोष माणसात नव्हता, आणि तो माणसात आहे असं ठरवण्याआधी कुणी टेप लावली नव्हती.

ती परत गेली ती सोबत गेजचे दोन फोटो आणि फोमच्या साच्याची रीत घेऊन. टीममध्ये लगेच सगळं बदललं असं नाही. काही मुलं म्हणाली, साच्यानं दीड किलो वजन वाढतं. तिनं उत्तर दिलं, वाढतं, आणि ब्रेक किती वाढतो तेही लिहा. आता त्यांच्या गाडीला तीन साचे आहेत. बावीस किलोमीटरच्या एंड्युरन्समध्ये मध्यावर चालक बदलतो. पुढच्या स्पर्धेत दुसरा अर्धा भाग कोण चालवणार याची निवड अजून व्हायची आहे. तिचं नाव यादीत आहे. यादीतून ते तिनं स्वतः काढलेलं नाही, एवढं मला पुरेसं आहे.

तुमच्यापैकी कुणी गाडी बांधत असाल, कॉलेजात टीम चालवत असाल, तर एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर स्प्रिंगचा आकडा लिहू नका. चालकाची उंची, वजन, टाचेपासून कंबरेपर्यंतचं अंतर, मनगट कुठं पडतं ते लिहा. प्रत्येक चालकाला एक पान द्या. पुढचे सगळे आकडे त्या पानावरून निघतील. आणि कुणी चालक म्हणाला की गाडी नीट लागत नाही, तर त्याला काही सुनावण्याआधी त्याच्या पाठीमागे हात घालून बघा, पोकळी आहे का.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.